डॉक्टर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहण्याआधी

समजा, मध्यरात्री अपघात विभागात छातीत भोसकलेला माणूस आणला. एक मिनिट दवडायला सवड नाही, म्हणून नर्स कात्री घेऊन शर्ट उभा कापते. सुरी जिथून आत गेली त्या भोकातूनच कात्री वर जाते, कारण कापड तिथे आधीच फाटलेलं असतं आणि कात्री घालायला तीच जागा सोयीची पडते. रक्ताने चिंब झालेला शर्ट प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला जातो. माणूस वाचतो. वर्षभराने कोर्टात प्रश्न निघतो: सुरी एकधारी होती की दुधारी? वार एक की दोन? भोक आता उरलेलं नाही आणि पिशवीतला शर्ट बुरशीने काळा पडला आहे.

उपचार म्हणून पाहिलं तर त्या रात्री कोणाचंच काही चुकलं नाही. फक्त, जखम हा पुरावाही असतो याचं भान ठेवणारं तिथे कोणी नव्हतं. हे भान ठेवणं हाच ज्यांचा व्यवसाय आहे, त्यांचं काम नेमकं कसं चालतं ते इथे पाहू.

न्यायवैद्यक म्हटलं की डोळ्यांसमोर शवागार येतं आणि शवविच्छेदन करणारा डॉक्टर येतो. तो आहेच. पण त्याच्या आजूबाजूला बरीच मंडळी असतात. रक्त-लघवीत विष शोधणारे विषतज्ज्ञ, अत्याचारग्रस्तांची तपासणी करणाऱ्या फॉरेन्सिक नर्स, दातांवरून ओळख पटवणारे दंतवैद्य, हाडांवरून वय आणि लिंग सांगणारे मानवशास्त्रज्ञ, आरोपीची मानसिक स्थिती तपासणारे मनोविकारतज्ज्ञ, आणि हलगर्जीच्या दाव्यात हजार-हजार पानांचे केसपेपर वाचून वकिलाला अर्थ सांगणारे डॉक्टर व नर्स. यांच्यातल्या बऱ्याच जणांचा रोजचा संबंध जिवंत माणसांशी येतो. आणि या सगळ्यांच्याही आधी असतो तो ड्यूटीवरचा साधा डॉक्टर, ज्याला आपली चिठ्ठी उद्या कोर्टात वाचली जाणार आहे हे गावीही नसतं. आमच्या मते खटल्याचं भवितव्य सर्वांत जास्त त्याच्याच हातात असतं.

डॉक्टर आणि कोर्ट यांची विचार करायची रीतच वेगळी. ताप आलेल्या रुग्णाला डॉक्टर तपासणीचा निकाल यायच्या आधी औषध सुरू करतो. अंदाज चुकला तर उद्या औषध बदलतो. कोर्टाला निकाल एकदाच द्यायचा असतो आणि तो माणसाच्या आयुष्यावर बसतो. डॉक्टर रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवून पुढे जातो. कोर्टात प्रत्येक शब्दावर शंका घेणं हेच कोणाचं तरी काम असतं. म्हणून केसपेपरवर ‘पाठीमागून काठीने मारलं’ असं थेट लिहिणं धोक्याचं. ते डॉक्टरने पाहिलेलं नाही. ‘रुग्णाच्या सांगण्याप्रमाणे’ हे दोन शब्द आधी घातले की ऐकलेलं आणि पाहिलेलं वेगळं राहतं. त्याचप्रमाणे ‘रुग्ण दारू प्यायलेला होता’ हा निष्कर्ष झाला. ‘श्वासाला दारूचा वास, बोलणं अडखळत, चालताना तोल जातो’ हे निरीक्षण. डोक्याला मार लागलेला माणूसही अडखळत बोलतो आणि झोकांड्या खातो, हे विसरल्यामुळे माणसं दगावलेली आहेत.

जखम वाचायची कशी

जखमेचं नाव चुकलं की हत्यार बदलतं, आणि हत्यार बदललं की गुन्ह्याचं स्वरूपच बदलू शकतं. सगळ्यांत जास्त घोळ होतो तो चिरलेल्या आणि फाटलेल्या जखमेत. धारदार वस्तूने कातडी चिरते. बोथट वस्तूच्या आघाताने ती फाटते. ऐकायला सोपं वाटतं. पण डोक्यावर, भुवईवर किंवा नडगीवर काठी बसली तर खाली लगेच हाड असल्यामुळे कातडी दोन कठीण वस्तूंमध्ये चिरडते आणि सरळ रेषेत उलते. वरवर पाहिलं तर सुरीने कापल्यासारखीच दिसते. घाईत डॉक्टर ‘धारदार शस्त्राची जखम’ लिहून मोकळा होतो, साक्षीदार म्हणतात काठीने मारलं, आणि बचावाचा वकील एवढ्या एका विसंगतीवर साक्षीदारांना खोटं ठरवतो.

भिंग घेतलं तर फरक दिसतो. फाटलेल्या जखमेची कड ओबडधोबड असते, कडेला खरचटलेलं आणि काळंनिळं असतं, केस कापले जाण्याऐवजी मुळाशी चेंगरलेले दिसतात. सर्वांत खात्रीची खूण जखमेच्या तळाशी असते: एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ताणलेले बारीक धागे. हे धागे म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिन्या आणि संयोजी ऊती. त्या लवचीक असल्यामुळे कातडी फाटली तरी तुटत नाहीत. सुरी वाटेतलं सगळंच कापते, त्यामुळे चिरलेल्या जखमेत असे पूल राहत नाहीत. हे टाके घालण्याआधी पाहायचं असतं, कारण जखमेच्या कडा साफ करून छाटल्या की ही खूण कायमची गेली.

जखमेचं मोजमाप सेंटिमीटरमध्ये. ‘बोराएवढी’, ‘बोटभर’ चालत नाही. जागा सांगताना न हलणाऱ्या खुणांपासूनचं अंतर द्यायचं: उदाहरणार्थ, छातीच्या मध्यरेषेपासून ७ सेंमी डावीकडे, टाचेपासून १२२ सेंमी उंचीवर, लांबी २.४ सेंमी, वरचं टोक टोकदार, खालचं बोथट. या शेवटच्या तपशिलावरून पातं एकधारी असावं असं म्हणता येतं. भोसकलेली जखम आधी जशी फाकलेली आहे तशी मोजायची, मग कडा अलगद जुळवून पुन्हा मोजायची, कारण कातडी आपल्या नैसर्गिक ताणानुसार जखम रुंद किंवा लांब करते. जुळवल्यावर मिळणारी लांबी पात्याच्या रुंदीच्या जास्त जवळची असते, तरीही ती जशीच्या तशी पात्याची रुंदी नसते. सुरी आत-बाहेर होताना तिरकी झाली तर जखम पात्यापेक्षा मोठी होते. खोलीचंही तेच. पोट मऊ असतं, जोराचा वार ते आत दाबतो आणि १० सेंमीचं पातं १४ सेंमी खोलवर पोचू शकतं. म्हणून ‘हत्यार किमान इतकं लांब असलंच पाहिजे’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे जरा संशयाने पाहावं. आणि जिवंत माणसाच्या जखमेत सळई घालून खोली मोजायची नसते. त्याने थांबलेलं रक्त पुन्हा वाहतं आणि नसलेली वाटही तयार होते.

मुक्या माराच्या रंगाबद्दल एक जुनी समजूत अजून जिवंत आहे: लाल म्हणजे ताजा, निळा म्हणजे दोन दिवसांचा, हिरवा म्हणजे आठवड्याचा. यावर भरवसा ठेवता येत नाही. एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी झालेले दोन मार वेगवेगळ्या रंगांचे दिसू शकतात. त्यातल्या त्यात आधार धरण्याजोगी गोष्ट एकच: पिवळेपणा साधारण १८ तासांच्या आत येत नाही. म्हणजे पिवळा डाग दिसला तर तो तासाभरापूर्वीचा नाही, एवढं म्हणता येतं. नेमका किती जुना ते नाही. शिवाय काळंनिळं होणं उशिरा उमटतं आणि जागा बदलतं. कपाळावर मार बसतो, रक्त खाली उतरतं आणि दुसऱ्या दिवशी डोळा काळा होतो. ठोसा डोळ्यावर बसलेलाच नसतो. म्हणून शक्य असेल तिथे एक-दोन दिवसांनी पुन्हा तपासणी करावी.

फोटो तीन टप्प्यांत काढायचे: लांबून, म्हणजे शरीराचा कोणता भाग ते कळेल, मधल्या अंतरावरून, म्हणजे जवळची एखादी ओळखीची खूण दिसेल, आणि अगदी जवळून, एकदा मोजपट्टीशिवाय आणि एकदा पट्टी ठेवून. पट्टी जखमेच्याच पातळीवर हवी आणि कॅमेरा कातडीला काटकोनात. तिरक्या फोटोवरून घेतलेलं माप उलटतपासणीत टिकत नाही. पट्टीशिवायचा फोटो कशाला, असं वाटेल. पट्टीखाली काही झाकलं नव्हतं हे दाखवायला.

शर्टाचं काय करायला हवं होतं? भोकापासून दूर, शिवणीच्या कडेने कापायचा, न झटकता पसरून सावलीत सुकवायचा, कागदी पिशवीत घालायचा. प्लास्टिकमध्ये ओल अडकते, जंतू वाढतात आणि डीएनए कुजतो. प्रत्येक कपडा वेगळ्या पिशवीत, नाहीतर एकाचं रक्त दुसऱ्याला लागतं.

मृत्यूची वेळ

पडद्यावरचा डॉक्टर मृतदेहाला हात लावून ‘रात्री साडेदहा ते अकरा’ सांगतो. खऱ्या डॉक्टरने असं सांगितलं तर तो अडचणीत येईल. आधार तीन असतात. पहिला म्हणजे शरीर थंड होणं: ढोबळमानाने तासाला १ ते १.५ अंश सेल्सिअस, पण सुरुवातीला तापमान काही वेळ हलतच नाही, आणि मृत माणूस जाड की बारीक, कपडे किती, वारा आहे का, देह पाण्यात होता का, यावर सगळं बदलतं. भोवतालचं तापमान ३७ अंशांच्या जवळ असेल तर देह थंड होतच नाही. मृत्यूच्या वेळी ताप असेल तर सुरुवातीचा आकडाच चुकीचा धरला जातो.

दुसरा आधार म्हणजे ताठरपणा. पापण्या आणि जबड्यात तो काही तासांत जाणवू लागतो, सुमारे १२ तासांत सगळं शरीर ताठतं, पुढे तितकाच काळ तसं राहतं आणि मग सैल पडतं. उष्ण हवेत हे सगळं लवकर उरकतं. तिसरा आधार म्हणजे रक्त खालच्या बाजूला उतरून पडणारे जांभळट डाग. ते अर्ध्या-एक तासात दिसू लागतात आणि साधारण ८ ते १२ तासांत पक्के होतात. या डागांचा वेळेपेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी जास्त उपयोग होतो. देह उताणा सापडला आणि पक्के डाग छाती-पोटावर असतील, तर तो मृत्यूनंतर बराच वेळ पालथा होता आणि नंतर कोणीतरी उलटवला.

तापमानावरून वेळ काढण्याची सर्वांत काळजीपूर्वक तयार झालेली पद्धत जर्मन डॉक्टर क्लाउस हेन्सगे यांची. तिच्यातही, परिस्थिती उत्तम असताना, अंदाज दोन्ही बाजूंना २.८ तासांनी हलू शकतो. म्हणजे साडेपाच तासांहून मोठी खिडकी. त्यामुळे अनुभवी डॉक्टर आधी दोन वेळा विचारतो: जिवंत शेवटचं कोणी कधी पाहिलं आणि देह कधी सापडला. फोनचा शेवटचा वापर कधी झाला यासारख्या गोष्टी देहाच्या तापमानापेक्षा बऱ्याचदा अधिक नेमकं सांगतात.

शवविच्छेदनातही क्रमाला महत्त्व आहे. आधी कपड्यांसकट पाहणी, मग गरजेनुसार एक्स-रे, मग बाहेरची तपासणी, त्यानंतर चीर. गळा दाबल्याची शंका असेल तर मानेला हात सर्वांत शेवटी. मेंदू आणि छातीतले अवयव आधी काढले की मानेतलं रक्त निचरतं आणि मग थर उलगडून पाहता येतात. हा क्रम पाळला नाही तर चिरताना झिरपलेलं रक्त स्नायूंत पसरतं आणि गळा दाबल्याच्या खुणेसारखं दिसतं. म्हणजे तपासणाऱ्याच्या सुरीने खुनाचा खोटा पुरावा तयार होतो. उलट बाजूने, कंठास्थी मोडलेली नाही म्हणून गळा दाबलाच नाही असं म्हणता येत नाही. तरुणांत ते हाड लवचीक असतं आणि बऱ्याचदा मोडत नाही.

‘हृदयक्रिया बंद पडली’ हे कारण नव्हे

मृत्यूच्या दाखल्यावर सर्वाधिक वेळा लिहिलं जाणारं आणि सर्वांत निरुपयोगी वाक्य हे. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं. मृत्यू म्हणजे तेच. या क्षेत्रात तीन गोष्टी वेगळ्या ठेवतात. कारण, म्हणजे ज्या आजाराने किंवा इजेने सगळं सुरू झालं ते. प्रक्रिया, म्हणजे शरीरात शेवटी काय बिघडलं: रक्तस्राव, श्वास थांबणं. आणि प्रकार: नैसर्गिक, अपघात, आत्महत्या, मनुष्यवध किंवा अनिश्चित. पाचवा पर्याय म्हणजे नामुष्की नव्हे, तो प्रामाणिकपणा आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यातला दाखला एक जिना आहे. वरच्या ओळीत मृत्यूला थेट कारणीभूत झालेली गोष्ट, तिच्याखाली ती कशामुळे झाली, त्याखाली ते कशामुळे. सर्वांत खालची पायरी म्हणजे मूळ कारण. समजा, वृद्ध बाई घरात पाय घसरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, त्या अंथरुणाला खिळल्या, पायात रक्ताची गुठळी झाली, ती फुफ्फुसात गेली आणि तीन आठवड्यांनी त्या गेल्या. वरच्या ओळीत ‘फुफ्फुसातील गुठळी’ लिहून डॉक्टर थांबला तर मृत्यू नैसर्गिक वाटतो. जिना खालपर्यंत उतरला तर तो अपघात ठरतो, आणि त्यावर विम्याचा दावा, जबाबदारी, कधी कधी पोलीस तपासही अवलंबून असतो. आणि घसरल्या म्हणून सांगतात त्या खरंच घसरल्या की ढकलल्या गेल्या, हा प्रश्न मग निदान विचारला तरी जातो.

विष: आकडा कुठल्या रक्तातला?

१८४० साली फ्रान्समध्ये त्यूल इथे मारी लाफार्ज या तरुण स्त्रीवर नवऱ्याला आर्सेनिक घातल्याचा खटला चालला. आर्सेनिक शोधायची जेम्स मार्शची चाचणी तेव्हा अवघी चार वर्षं जुनी होती. स्थानिक तज्ज्ञांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. देहात विष नाही असंही सांगून झालं. शेवटी पॅरिसहून मातेओ ऑर्फिला यांना बोलावलं आणि त्यांनी देहाच्या नमुन्यांत आर्सेनिक दाखवलं. पण त्यांचं खरं मोठेपण पुढच्या पायरीत आहे. हे विष आपल्याच रसायनांतून आलं नाही आणि दफनभूमीच्या मातीतूनही झिरपलं नाही, हे त्यांनी वेगळं तपासून सांगितलं. आजची प्रत्येक चांगली प्रयोगशाळा नमुन्याबरोबर विष नसलेला कोरा नमुनाही चालवते, ती याच कारणासाठी.

आताचे घोळ अधिक सूक्ष्म आहेत. मृत्यूनंतर औषधं अवयवांतून रक्तात पाझरतात. हृदयातून काढलेल्या रक्तात काही औषधांची पातळी जिवंतपणी होती त्याच्या कित्येक पट दिसते. हृदयाच्या औषधांतलं डिगॉक्सिन आणि नैराश्यावरच्या जुन्या ट्रायसायक्लिक गोळ्या ही ठळक उदाहरणं. नेमून दिलेला डोस घेणारा माणूस मग विष घेतल्यासारखा दिसतो. म्हणून रक्त मांडीच्या शिरेतून घ्यायचं आणि बाटलीवर तसं लिहायचं. ‘रक्त’ एवढंच लिहिलेल्या बाटलीतल्या आकड्याचा अर्थ लावता येत नाही.

दारूचं रक्त घेताना कातडी स्पिरिटने पुसायची नाही, हे उघड वाटतं, तरी सवयीने हात त्याच बोळ्याकडे जातो. नळीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर जंतू साखर आंबवून बाटलीतच दारू तयार करतात. नळी गळ्यापर्यंत भरावी, वर हवा राहिली तर दारू उडून त्या हवेत जाते. मृतदेह कुजू लागला असेल तर डोळ्यातला द्रवही घ्यावा. तिथे जंतू उशिरा पोचतात. रक्तात दारू आहे आणि डोळ्यात अजिबात नाही, तर ती बहुधा कुजण्यातून आलेली आहे.

आणि एक सापळा, ज्यात वकीलही पडतात आणि डॉक्टरही. हॉस्पिटलची प्रयोगशाळा सहसा रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवात, म्हणजे सीरममध्ये, दारू मोजते. कायद्याची मर्यादा मात्र पुष्कळ ठिकाणी पूर्ण रक्ताची असते. सीरममध्ये पाणी जास्त, म्हणून आकडा सरासरी १.१५ पटीने मोठा येतो. १०० मिलिलीटर सीरममध्ये ९० मिलिग्रॅम म्हणजे पूर्ण रक्तात सुमारे ७८. मर्यादा ८० असेल तर एवढ्या फरकात माणूस दोषी की निर्दोष ते ठरतं.

अंमली पदार्थांच्या झटपट चाचणीत पॉझिटिव्ह आलं म्हणजे सिद्ध झालं असंही नाही. या चाचण्या रेणूचा ढोबळ आकार ओळखतात. सर्दीच्या काही गोळ्यांनी ॲम्फेटामिनचा निकाल येतो, आणि खसखस खाल्ल्याने लघवीत खरोखरच मॉर्फिन सापडू शकतं. गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या दुसऱ्या, वेगळ्या तत्त्वावरच्या पद्धतीने पडताळल्याशिवाय अहवाल बाहेर जाऊ नये. खसखशीचा प्रश्न त्या पडताळणीनेही सुटत नाही. तिथे प्रमाण पाहावं लागतं आणि विचारावं लागतं.

लैंगिक अत्याचाराच्या तपासणीत वेळेला फार महत्त्व आहे. तोंडातले नमुने साधारण २४ तासांपर्यंत, योनीमार्गातले ७२ तासांपर्यंत आणि अलीकडच्या पद्धतींनी १२० तासांपर्यंतही घेतात. गुंगीचं औषध दिल्याची शंका असेल तर पहिली लघवी सोन्यासारखी. जीएचबी नावाचं द्रव्य लघवीतूनही सुमारे १२ तासांत नाहीसं होतं. म्हणून बाकी तपासणीची वाट न पाहता ती आधी धरून ठेवायची. प्रशिक्षित नर्स प्रत्येक पायरीला वेगळी संमती विचारते. नमुना दिला म्हणजे फोटोलाही होकार दिला असं नाही. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, तेव्हा पुराव्यासाठी उपचार लांबवायचे नसतात. आणि अहवालातलं सर्वांत मोलाचं वाक्य बऱ्याचदा हे असतं: जखम न सापडणं घटनेच्या वर्णनाशी विसंगत नाही. पुष्कळ पीडितांच्या जननेंद्रियांवर इजा दिसत नाही. ‘जखमा नाहीत’ एवढंच लिहून सोडलं तर ऐकणारा त्याचा अर्थ ‘काही घडलंच नाही’ असा घेतो.

मुद्देमाल हातोहात फिरताना कोणाकडून कोणाकडे, किती वाजता, सील शाबूत होतं का, याची अखंड नोंद लागते. नमुना फ्रिजमध्ये एक रात्र कोणाच्याच नावावर नसेल तर प्रयोगशाळेने कितीही अचूक काम केलेलं असो, ते वाया जातं. यावर याहून जास्त सांगण्यासारखं नाही. हे कंटाळवाणं काम आहे आणि ते करावंच लागतं.

दंतवैद्यांच्या बाबतीत एक फरक लक्षात ठेवावा. मोठ्या दुर्घटनेत मृतांची ओळख पटवताना इंटरपोल बोटांचे ठसे, दात आणि डीएनए या तिघांना प्राथमिक आधार मानते. जुन्या एक्स-रेशी दात ताडून पाहणं भक्कम शास्त्र आहे. कातडीवरच्या चाव्याच्या खुणेवरून ‘हा याचाच चावा’ सांगणं मात्र नाही. कातडी ताणते, सुजते, आकुंचते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००९ च्या अहवालात या पद्धतीला पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलं. दोन्ही कामं एकच दंतवैद्य करतो, त्यामुळे एकाची पत दुसऱ्याला फुकट मिळत राहिली.

मन तपासताना

१८४३ च्या जानेवारीत डॅनियल मॅकनॉटनने लंडनमध्ये ब्रिटिश पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांना गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपला छळ करतोय या भ्रमात तो होता. ज्युरीने त्याला वेडसरपणामुळे निर्दोष ठरवलं, गदारोळ झाला, आणि संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने विचारलेल्या प्रश्नांना न्यायाधीशांनी दिलेल्या उत्तरांतून जो नियम घडला त्याची छाया अजून कित्येक देशांच्या कायद्यावर आहे: कृत्य करताना माणसाला आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे कळत होतं का?

इथे दोन काळ मिसळतात. कृत्याच्या क्षणी मनाची अवस्था काय होती हा भूतकाळाचा प्रश्न. आरोपीला आज खटला समजतो का, वकिलाला सूचना देता येतात का, हा वर्तमानाचा. पहिल्याचं उत्तर ‘आजारी होता’ आणि दुसऱ्याचं ‘आज ठीक आहे’ असू शकतं. निदानाचं नाव दोन्हींपैकी कशाचंच उत्तर देत नाही. स्किझोफ्रेनिया असलेला माणूसही पुरत्या भानावर राहून चोरी करू शकतो.

तपासणाऱ्या मनोविकारतज्ज्ञाला पहिलंच वाक्य बोलावं लागतं की मी तुमचा डॉक्टर नाही आणि तुम्ही सांगाल ते गुप्त राहणार नाही. उपचार करणारा डॉक्टर म्हणूनच या कामाला योग्य नाही. त्याला रुग्णाच्या बाजूने राहायचं असतं, आणि रुग्णाच्या सांगण्याची पडताळणी त्याने सहसा केलेली नसते.

हलगर्जीच्या दाव्यात

इथे लोकांची अपेक्षा आणि कायदा यांत सर्वांत मोठी दरी आहे. डॉक्टरची चूक झाली एवढं पुरत नाही. त्या चुकीमुळेच नुकसान झालं हेही दाखवावं लागतं. १९६० च्या दशकातला इंग्लंडमधला एक खटला याचं नेहमीचं उदाहरण. चहा प्यायल्यावर उलट्या सुरू झालेले तीन रखवालदार हॉस्पिटलात गेले. ड्यूटीवरच्या डॉक्टरने त्यांना न पाहताच घरी जाऊन आपापल्या डॉक्टरला दाखवायला सांगितलं. त्यातला एक काही तासांत आर्सेनिकच्या विषबाधेने वारला. डॉक्टरचं वागणं चूक ठरलं, तरी दावा फेटाळला गेला, कारण वेळेत दाखल करून घेतलं असतं तरी उतारा पोचण्याआधी तो माणूस गेलाच असता, असं पुराव्यावरून दिसलं.

केसपेपर वाचणाऱ्या तज्ज्ञाला शेवट माहीत असतो, हीच त्याची अडचण. गाठ कर्करोगाची निघाली हे ठाऊक असलं की दोन वर्षांपूर्वीच्या एक्स-रेवरचा पुसट डाग ओरडून सांगतोय असं वाटतं. म्हणून काळजी घेणारे वकील तज्ज्ञाला आधी फाइल अर्धीच देतात: त्या दिवसापर्यंतची. तुम्ही काय केलं असतं, हे लिहून घेतात, मग पुढची पानं. नोंद मागाहून बदलली असेल तर संगणक ती वेळ जपून ठेवतो, आणि मूळ चुकीपेक्षा तो बदलच डॉक्टरला जास्त महाग पडतो. कागदावर चूक दुरुस्त करायची तर एक आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर शब्द, सही, तारीख, वेळ. खाडाखोड केली की लपवण्यासारखं काहीतरी होतं असं दिसतं.

पिंजऱ्यातले शब्द

तज्ज्ञाला ज्याने फी दिली त्याच्या बाजूने तो बोलतो असा सर्वसाधारण समज आहे, आणि काही तज्ज्ञ तो खरा करून दाखवतात. नियम मात्र उलटा: तज्ज्ञाचं कर्तव्य कोर्टाप्रती. ‘ही जखम या सुरीशी सुसंगत आहे’ हे वाक्य त्याच्या तोंडी वारंवार येतं. त्याचा अर्थ ‘या सुरीने होऊ शकते’ एवढाच. ऐकणाऱ्याला मात्र ते ‘याच सुरीने झाली’ असं ऐकू येतं. म्हणून पुढचं वाक्य न विचारता जोडावं: ‘अशा रुंदीच्या इतर कोणत्याही एकधारी सुरीनेही होऊ शकते.’

आकड्यांच्या बाबतीत काय होतं त्याचं सर्वांत कटू उदाहरण इंग्लंडमधल्या सॅली क्लार्क यांचं. त्यांची दोन बाळं एकामागून एक अचानक दगावली आणि त्यांच्यावरच खुनाचा खटला चालला. १९९९ मध्ये बालरोगतज्ज्ञ रॉय मेडो यांनी साक्षीत सांगितलं की त्यांच्यासारख्या घरात दोन बाळं आपोआप दगावण्याची शक्यता ७.३ कोटींत एक. एक बाळ असं दगावण्याची शक्यता ८,५४३ मध्ये एक धरली, आणि तो आकडा आला ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून. असा गुणाकार दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नसेल तरच चालतो. भावंडांत जनुकं एक, घर एक, हवा एक. दुसरी चूक त्याहून खोल. दोन नैसर्गिक मृत्यू दुर्मीळ आहेत हे खरं, पण आईने दोन बाळांचा खून करणंही दुर्मीळच. यातलं जास्त दुर्मीळ कोणतं, हा प्रश्न होता. तो विचारलाच गेला नाही. शिवाय दुसऱ्या बाळाच्या शरीरात जंतुसंसर्ग दाखवणारा प्रयोगशाळेचा निकाल शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरने बचाव पक्षापुढे आणलाच नव्हता. २००३ च्या जानेवारीत शिक्षा रद्द झाली. २००७ मध्ये सॅली क्लार्क वारल्या.

उलटतपासणीत वकील बहुतेकदा ‘समजा’ने सुरू होणारा प्रश्न विचारतो. समजा, माणूस पायऱ्यांवरून पडला असता, तर ही जखम झाली असती का? उत्तर ‘हो’ असेल तर ‘हो’ म्हणायचं. ‘पण’ लावायचं असेल तर पुराव्यातला ठोस मुद्दा हवा: ‘ही एक जखम होऊ शकते, पण दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूला चार-चार गोल डाग आहेत, ते पडण्याने होणार नाहीत.’ स्मरणावर विसंबून बोलायचं नाही, समोर मूळ टिपणं ठेवायची. प्रश्न आपल्या विषयाबाहेरचा असेल तर तसं सांगून थांबायचं. गोळी किती अंतरावरून झाडली हे विचारलं तर जखमेभोवतीची काजळी आणि बंदुकीच्या दारूचे कण सांगावेत, बंदुकीची यंत्रणा शस्त्रतज्ज्ञावर सोडावी.

अहवाल दिल्यानंतर नवी माहिती आली, उदाहरणार्थ विषतज्ज्ञाचा निकाल उशिरा पोचला आणि त्याने मत बदललं, तर पुरवणी अहवाल लिहायचा: आधी काय म्हटलं होतं, नवीन काय मिळालं, त्यामुळे मत कुठे बदललं आणि कुठे तसंच राहिलं. दोन्ही बाजूंना त्याची प्रत जाते. पहिला अहवाल मागे घेऊन फाडायचा नसतो. तो आणि पुरवणी, दोन्ही कागद एकाच फाइलला लागतात.